नवा जुळवलेला संगणक सुरू होत नाही तेव्हा : दोष क्रमाक्रमाने कसा शोधावा

लॅमिंग्टन रोडच्या संगणक-बाजारातून एकेक भाग पारखून आणावा, रविवारची दुपार मोकळी ठेवून तो घरी जुळवावा आणि कॅबिनेटचे बटण दाबल्यावर काहीच घडू नये, हा प्रसंग मुंबईत स्वतः संगणक जुळवणाऱ्या अनेकांवर येतो. अशा वेळी मन लगेच निकाल देऊन मोकळे होते: मदरबोर्ड ‘डेड’ आला, एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) हलका निघाला किंवा दुकानदाराने फसवले. मग घाईघाईने सगळे भाग उपसून पुन्हा बसवले जातात. त्यात चार गोष्टी एकदम बदलतात, त्यामुळे संगणक चालू झाला तरी कशामुळे झाला हे कळत नाही आणि नाही झाला तर मूळ दोषात आणखी एकाची भर पडलेली असते.

या लेखात मांडलेली पद्धत एकाच तत्त्वावर उभी आहे. संगणक सुरू होताना नेमका कोणत्या टप्प्यावर अडतो हे आधी ठरवावे, त्या टप्प्याशी संबंधित भागच तपासावेत आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून निकाल पाहावा. नव्या जुळणीत सदोष भाग येतच नाहीत असे नाही, पण अर्धवट बसलेली रॅम, राहून गेलेली वायर किंवा चुकीच्या जागी लावलेली मॉनिटरची केबल यांचे प्रमाण मी त्याहून फार मोठे पाहिले आहे. म्हणून भाग परत करायला निघण्याआधी ही तपासणी पूर्ण करावी.

प्रत्येक वेळी आत हात घालण्यापूर्वी एसएमपीएसच्या मागचा खटका बंद करावा, भिंतीतली पिन काढावी आणि कॅबिनेटचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे उरलासुरला विद्युतभार निघून जातो. मुंबईच्या दमट हवेत अंगावर स्थिर वीज कमी साठते, परंतु एसीच्या खोलीत किंवा थंडीच्या कोरड्या दिवसांत ती साठू शकते, म्हणून काम सुरू करताना कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावण्याची सवय ठेवावी. एसएमपीएसचा डबा मात्र कोणत्याही परिस्थितीत उघडू नये, कारण पिन काढल्यानंतरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक भार राहू शकतो. जळका वास आला किंवा ठिणगी दिसली तर पुन्हा बटण दाबून पाहण्याचा मोह टाळावा आणि तिथेच थांबावे.

संगणक कुठवर येऊन थांबतो

लक्षणे साधारण चार प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात बटण दाबूनही काहीच हालचाल होत नाही. दुसऱ्यात पंखे क्षणभर फिरून थांबतात किंवा संगणक स्वतःहून पुन्हा पुन्हा चालू-बंद होत राहतो. तिसऱ्यात पंखे व्यवस्थित फिरतात, दिवे लागतात, पण डिस्प्ले येत नाही. चौथ्यात पडद्यावर मदरबोर्ड कंपनीचे चिन्ह दिसते, बायोसमध्येही (बोर्डमध्येच साठवलेला, संगणक सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) जाता येते, पण पुढे विंडोज किंवा लिनक्स सुरू होत नाही.

ही विभागणी कामाची आहे, कारण ती संशयितांची यादी लगेच लहान करते. पंखे अजिबात फिरत नसतील तर विंडोजच्या पेन ड्राइव्हचा विचार करण्यात अर्थ नाही, आणि बायोस दिसत असेल तर प्रोसेसर, रॅम आणि एसएमपीएस हे निदान प्राथमिक परीक्षेत उतरले आहेत असे धरून पुढे जाता येते. बटण दाबल्यापासून काय काय घडते हे मोबाइलवर चित्रित करून ठेवावे. बोर्डवरचा एखादा दिवा क्षणभर लागून विझला तर तो प्रत्यक्ष पाहताना निसटतो, चित्रफितीत सापडतो, आणि दुकानात दाखवायला हाच पुरावा उपयोगी पडतो.

काहीच हालचाल नाही : वीज कुठवर पोहोचते

सुरुवात भिंतीपासून करावी. त्याच सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर किंवा टेबल लॅम्प लावून वीज येते याची खात्री करावी. एसएमपीएसच्या मागचा खटका रेघेच्या बाजूला दाबलेला असला पाहिजे. वर्तुळाची बाजू म्हणजे बंद. केबल एसएमपीएसमध्ये घट्ट बसली आहे का, हे हाताने दाबून पाहावे. नवीन केबलचे तोंड पहिल्यांदा बसवताना बरेच घट्ट असते आणि ते पूर्ण आत गेल्यासारखे वाटूनही थोडे बाहेर राहते. काही जुन्या आणि स्वस्त एसएमपीएसवर ११५ आणि २३० व्होल्ट निवडणारा लहान लाल खटका असतो. आपल्याकडे तो २३० वरच असला पाहिजे. तो ११५ वर ठेवून वीज दिल्यास एसएमपीएस जागीच निकामी होऊ शकतो.

संगणकाला १६ अँपिअरचा मोठा पॉइंट लागतो असा समज आढळतो, पण त्याची गरज नसते. भिंतीतून १००० वॅट ओढणारा संगणकसुद्धा २३० व्होल्टवर सुमारे ४.३ अँपिअर घेतो, म्हणजे साधा ६ अँपिअरचा पॉइंट पुरतो. अडचण बहुधा सैल झालेल्या सॉकेटची किंवा हलक्या एक्स्टेन्शन बोर्डची असते. म्हणून तपासणी चालू असेपर्यंत मधले सगळे जोड काढून संगणक थेट भिंतीतल्या पॉइंटवर लावावा.

यूपीएस असल्यास तोही तात्पुरता बाजूला ठेवावा. घरोघरी आढळणारा ६०० व्हीए क्षमतेचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देऊ शकतो, त्यामुळे मोठे ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकावर ताण येताच तो बंद पडतो. शिवाय स्वस्त यूपीएस बॅटरीवर असताना शुद्ध साइन वेव्ह, म्हणजे घरातल्या विजेसारखी गुळगुळीत लहर, देत नाहीत आणि अॅक्टिव्ह पीएफसी (वीज एकसारखी ओढण्याची सोय) असलेल्या काही एसएमपीएसचे त्यांच्याशी जमत नाही.

गिरगाव, लालबाग, परळ, दादर इथल्या जुन्या चाळी आणि इमारतींत आणखी एक बाब तपासायला हवी, ती म्हणजे अर्थिंग. सॉकेटला तीन छिद्रे असतात, पण वरच्या छिद्रामागे अर्थची वायर जोडलेली असेलच असे नाही. अशा घरात चालू संगणकाच्या कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. एसएमपीएसमधल्या फिल्टरमुळे अर्थ न मिळालेल्या धातूवर मुख्य विजेच्या जवळपास निम्मा दाब येतो. त्यातून वाहू शकणारा प्रवाह अल्प असतो, तरीही ही स्थिती तशीच चालवून घेऊ नये. इलेक्ट्रिशियनकडून मल्टिमीटरने मोजून घ्यावे: फेज आणि अर्थ यांच्यात २३० व्होल्टच्या आसपास आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यात जेमतेम काही व्होल्ट दिसले पाहिजेत. अर्थिंग नसणे हे संगणक सुरू न होण्याचे कारण क्वचितच असते, पण हजारो रुपयांचे भाग आणि घरातली माणसे या दोघांसाठी ते दुरुस्त करून घेणे आवश्यकच आहे.

वीज एसएमपीएसपर्यंत पोहोचत असेल तर पुढचा प्रश्न मदरबोर्डचा. अनेक बोर्डांवर वीज मिळताच, बटण दाबण्यापूर्वीच, एखादा लहान दिवा लागतो. तो लागला तर ५ व्होल्टचा राखीव पुरवठा सुरू आहे असे समजावे. मग संशय बटणाच्या वायरीवर जातो. कॅबिनेटच्या पुढच्या भागातून येणाऱ्या बारीक वायरी बोर्डच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या पिनांवर बसतात आणि तिथली अक्षरे इतकी सूक्ष्म असतात की एका पिनेची चूक सहज होते. पॉवर बटणाच्या दोन पिनांना उलट-सुलट नसते, दिव्यांच्या पिनांना मात्र धन-ऋण असते. मॅन्युअलमधली आकृती पाहून त्या दोन पिना निश्चित कराव्यात, त्यांवरची वायर काढावी, वीज चालू करावी आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने त्या दोघींना क्षणभर एकत्र स्पर्श करावा. संगणक चालू झाला तर दोष कॅबिनेटच्या बटणात किंवा त्याच्या वायरीत आहे.

तरीही हालचाल नसेल तर एसएमपीएस वेगळा काढून तपासावा. त्याच्या सर्व वायरी सगळ्या भागांपासून सोडवाव्यात, फक्त एक कॅबिनेटचा पंखा जोडलेला ठेवावा आणि बाजारात स्वस्तात मिळणारा एसएमपीएस टेस्टर २४ पिनी जोडाला लावावा. टेस्टर नसेल तर वीज बंद असताना हिरव्या वायरीची पिन आणि शेजारची काळ्या वायरीची पिन वाकवलेल्या कागदी क्लिपने जोडून मग वीज देण्याची जुनी रीत आहे. पण हल्ली बऱ्याच एसएमपीएसच्या सगळ्या वायरी काळ्या असतात आणि चुकीच्या पिना जोडल्या जाण्याची भीती राहते, म्हणून मी टेस्टरचाच आग्रह धरेन. काही चांगल्या एसएमपीएसचा स्वतःचा पंखा भार कमी असताना फिरतच नाही, तो दोष समजू नये. मल्टिमीटर असल्यास १२ व्होल्टची रेषा ११.४ ते १२.६ आणि ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ या मर्यादेत असली पाहिजे.

मॉड्युलर एसएमपीएसच्या, म्हणजे ज्याच्या केबल सुट्या काढता येतात त्याच्या, केबल दुसऱ्या एसएमपीएसला कधीही लावू नयेत. जोडाचा आकार सारखा असला आणि कंपनी तीच असली तरी एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची रचना वेगळी असू शकते. जुन्या संगणकाची केबल लांबीला बरी पडते म्हणून वापरल्याने नवी एसएसडी जळाल्याच्या घटना घडतात.

पंखे क्षणभर फिरतात आणि थांबतात

इथे सर्वप्रथम प्रोसेसरला वीज देणारा जोड पाहावा. २४ पिनांचा मोठा जोड सगळे लक्षात ठेवून लावतात, पण बोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातला ८ पिनांचा जोड कूलर (प्रोसेसर थंड ठेवणारा भाग) आणि कॅबिनेटच्या छताआड लपलेला असतो आणि तोच राहून जातो. तो चार अधिक चार असा दुभंगणारा असतो. ग्राफिक्स कार्डाचा जोड सहा अधिक दोन असा असतो आणि दोघांच्या खाचा वेगळ्या असतात, त्यामुळे जोर लावून बसवावा लागत असेल तर वायर चुकीची आहे असे समजून थांबावे.

यानंतर कुठे शॉर्ट होत आहे का ते शोधावे. परळच्या एका विद्यार्थ्याचा संगणक याचे चांगले उदाहरण आहे. पंखा अर्धा फेरा मारून थांबायचा, आणि दुकानात नुसते लक्षण ऐकूनच बोर्ड गेल्याचे सांगण्यात आले होते. बोर्ड कॅबिनेटमधून काढून पुठ्ठ्यावर ठेवला आणि तोच लगेच चालू झाला. कॅबिनेट मोठ्या एटीएक्स आकाराचे होते, बोर्ड लहान मायक्रो-एटीएक्स होता, आणि मोठ्या बोर्डासाठी लावलेला एक पितळी स्टँडऑफ (बोर्ड पत्र्यापासून वर उचलून धरणारा खुंट) तसाच राहिला होता. बोर्ड उलटून पाहिला तेव्हा त्याच्या पाठीवर, जिथे स्क्रूचे छिद्रच नाही अशा जागी, वाटाण्याएवढा गोल ओरखडा होता आणि त्याच्या कडेला दोन डाखांची टोके चपटी झालेली होती. प्रत्येक स्टँडऑफ बोर्डच्या छिद्राखालीच आहे ना, हे बोर्ड बसवण्यापूर्वी मोजून पाहायचे असते. मागच्या पोर्टांभोवतीच्या पत्र्याची एखादी जीभ यूएसबी किंवा लॅन पोर्टच्या आत वळली नाही ना, हेही त्याच वेळी पाहावे.

पंखे फिरून काही सेकंदांनी किंवा मिनिटाभरात संगणक बंद होत असेल तर प्रोसेसर तापत आहे का हे पाहणे क्रमप्राप्त आहे. कूलरच्या तळाला चिकटवलेली पारदर्शक प्लास्टिकची फिल्म काढायची राहणे, चारपैकी एक स्क्रू न लागणे, लिक्विड कूलरच्या पंपाची वायर न जोडणे ही नेहमीची कारणे आहेत. प्रोसेसरच्या पंख्याची वायर ‘सीपीयू फॅन’ असे लिहिलेल्या पिनांवरच लावावी, अन्यथा अनेक बोर्ड पंख्याची चूक दाखवून पुढे जात नाहीत.

कॅबिनेटबाहेरची किमान जुळणी

दोष अजून हाती लागला नसेल तर या पायरीला पर्याय नाही, आणि संपूर्ण पद्धतीतली सर्वांत फलदायी पायरीही हीच आहे. मदरबोर्ड ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून आला त्याच खोक्यावर तो ठेवावा. चंदेरी अँटिस्टॅटिक पिशवीवर ठेवू नये, कारण तिचा पृष्ठभाग वीजवाहक असू शकतो. बोर्डवर फक्त प्रोसेसर, कूलर आणि रॅमची एकच पट्टी असावी. एसएमपीएसचे २४ पिनी आणि ८ पिनी असे दोनच जोड लावावेत. एसएसडी, हार्ड डिस्क, कॅबिनेटच्या यूएसबी आणि ऑडिओच्या वायरी, रंगीत दिव्यांचे कंट्रोलर, वायफाय कार्ड हे सगळे बाजूला ठेवावे. प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स, म्हणजे पडद्यावर चित्र पाठवण्याची सोय, असेल तर ग्राफिक्स कार्डही काढावे.

आता पॉवरच्या दोन पिनांना स्क्रू-ड्रायव्हर लावून सुरू करावे. संगणक चालला तर काढून ठेवलेला एकेक भाग परत लावत जावे आणि प्रत्येक भागानंतर पुन्हा सुरू करून पाहावे. ज्या भागानंतर अडेल तो भाग किंवा त्याची जोडणी दोषी. चाललाच नाही तर संशयित फक्त पाच उरतात: एसएमपीएस, बोर्ड, प्रोसेसर, कूलरची बसवणूक आणि ती एक रॅम. कंटाळवाणे वाटले तरी दोन भाग एकदम लावण्याची घाई करू नये.

पंखे फिरतात, पण डिस्प्ले नाही

सर्वाधिक लोक इथे अडतात. आधी मॉनिटरची केबल कुठे लावली आहे ते पाहावे. ग्राफिक्स कार्ड बसवलेले असेल तर केबल त्या कार्डालाच लावायची असते. बोर्डच्या मागेही एचडीएमआय पोर्ट असल्यामुळे हात तिकडे जातो, परंतु इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ आहे, उदाहरणार्थ १२४००एफ, त्यात अंगभूत ग्राफिक्सच नसते. एएमडीच्या रायझन ५६०० किंवा ५६००एक्समध्येही ते नाही, ५६००जीमध्ये आहे. रायझन ७००० मालिकेत बहुतेकांत आहे, तरी ७५००एफमध्ये नाही. अशा प्रोसेसरबरोबर बोर्डच्या पोर्टवर कधीच चित्र येणार नाही. मॉनिटरवर योग्य इनपुट निवडलेले आहे याचीही खात्री करावी. शक्य असल्यास दुसरी केबल लावून किंवा घरातल्या टीव्हीला जोडून पाहावे.

ग्राफिक्स कार्ड स्लॉटमध्ये कटकन आवाज येईपर्यंत बसले पाहिजे आणि त्याला एसएमपीएसमधून वेगळी वीज लागत असेल तर ती जोडलेली असली पाहिजे. १२ व्होल्टचा १६ पिनी नवा जोड असलेल्या कार्डांत तो जोड तसूभरही बाहेर राहता कामा नये. अर्धवट बसलेला जोड तापून वितळू शकतो, त्यामुळे तो समोरून नव्हे तर बाजूने, फट दिसते का हे पाहत बसवावा.

यानंतर बोर्डवरचे चार निदानदिवे पाहावेत. हल्लीच्या बऱ्याच बोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट (ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होणे) अशी नावे लिहिलेले चार बारीक दिवे एका ओळीत असतात. सुरू होताना ते क्रमाने लागून विझतात, त्यात काळजीचे काही नाही. जो दिवा लागून तसाच राहतो त्या टप्प्यावर संगणक अडला आहे असा त्याचा अर्थ. दिवे नसतील तर बोर्डवर लावायचा छोटा स्पीकर विकत आणावा आणि त्याच्या बीपचा अर्थ त्याच बोर्डच्या मॅन्युअलमध्ये पाहावा, कारण बायोसनुसार तो बदलतो.

डीरॅमचा दिवा लागून राहिला तर प्रथम घड्याळ पाहावे. डीडीआर ५ रॅम असलेला संगणक, विशेषतः एएमडीच्या एएम ५ बोर्डवरचा, पहिल्यांदा सुरू होताना रॅमची जुळवणी करत बसतो आणि तोपर्यंत पडदा काळाच राहतो. याला काही मिनिटे लागतात आणि रॅम जास्त असेल तर वेळ वाढतो. पंधरा मिनिटे त्याला अजिबात न छेडता सोडून द्यावे. दर मिनिटाला बटण दाबून बंद करणारा माणूस ही जुळवणी पूर्ण होऊच देत नाही आणि धडधाकट संगणक बिघडलेला ठरवून बसतो.

वाट पाहूनही काही झाले नाही तर वीज बंद करून रॅम काढावी. एकच पट्टी असेल तर ती चार स्लॉटच्या बोर्डवर प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवावी, दोन असतील तर दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. बहुतेक बोर्डांचे मॅन्युअल हेच सांगते. पट्टी बसवताना दोन्ही टोकांवर अंगठ्याने सारखा दाब द्यावा. ज्या स्लॉटला एकाच बाजूला हलणारी खिटी असते तिथे फसगत होते: खिटीच्या बाजूला आवाज येतो, पण दुसरे टोक वर राहिलेले असते. डोळे बोर्डच्या पातळीला आणून पट्टीच्या खालच्या कडेकडे पाहावे. सोनेरी पट्ट्यांची एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक होत गेलेली रेघ दिसली तर पट्टी तिरकी बसली आहे. त्यानंतर प्रत्येक पट्टी एकेकटी, प्रत्येक स्लॉटमध्ये आळीपाळीने लावून पाहावी. एकच पट्टी कुठेही चालत नसेल तर दोष पट्टीचा. सगळ्या पट्ट्या एकाच स्लॉटमध्ये अडत असतील तर दोष बोर्डचा, किंवा कमी-जास्त आवळलेल्या कूलरमुळे प्रोसेसरवर आलेल्या असमान दाबाचा. कूलरचे स्क्रू तिरप्या जोडीने, थोडे थोडे करत आवळणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

सीपीयूचा दिवा आणि बायोसचा प्रश्न

सीपीयूचा दिवा लागून राहणे म्हणजे प्रोसेसर जळाला असे नाही. बोर्डवरच्या सॉकेटमध्ये बसणारा प्रत्येक प्रोसेसर त्या बोर्डच्या जुन्या बायोसला ओळखता येतोच असे नाही. बी ४५० बोर्डला रायझन ५००० मालिका, बी ६६० किंवा झेड ६९० बोर्डला इंटेलची तेरावी-चौदावी पिढी आणि बी ६५० बोर्डला रायझन ९००० मालिका चालते, पण त्यासाठी बायोस पुरेसा नवा हवा. दुकानात बराच काळ पडून राहिलेल्या बोर्डात जुनाच बायोस असतो. बोर्ड कंपनीच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्रोसेसरसमोर किमान बायोस आवृत्ती दिलेली असते आणि बोर्डात कोणती आवृत्ती आहे हे खोक्यावरील किंवा बोर्डवरील स्टिकरवरून अनेकदा कळते.

बोर्डवर बायोस फ्लॅशबॅकची सोय असेल तर प्रोसेसरने साथ न दिली तरी घरीच नवा बायोस टाकता येतो. पेन ड्राइव्ह फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट करावा, फाइल झिपमधून बाहेर काढून मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या नावाने त्यात ठेवावी, तो ठरवून दिलेल्या यूएसबी पोर्टातच लावावा आणि एसएमपीएसची वीज चालू ठेवून फ्लॅशबॅकचे बटण दाबून धरावे. दिवा लुकलुकत असेपर्यंत कशालाही हात लावू नये. पावसाळी वादळात वीज जाण्याची शक्यता असेल त्या दिवशी हे काम पुढे ढकलावे. ही सोय नसेल तर ज्या दुकानातून बोर्ड घेतला तिथे बायोस अपडेट करून मागावा.

बायोस योग्य असूनही दिवा विझत नसेल तर सॉकेट पाहण्याची वेळ येते. इंटेलच्या एलजीए १७०० आणि एएमडीच्या एएम ५ या सॉकेटमध्ये पिना बोर्डवर असतात, एएम ४ मध्ये त्या प्रोसेसरच्या पोटाला असतात. मोबाइलचा टॉर्च सरळ वरून न मारता तिरका धरावा. सरळ असलेल्या पिनांच्या टोकांवर प्रकाश सारख्या ओळींत चमकतो आणि वाकलेली पिन त्या ओळीत वेगळ्या दिशेला चमकते किंवा काळा ठिपका म्हणून दिसते. वाकलेली पिन दिसली तर सुईने सरळ करण्याचा प्रयत्न वॉरंटीचा निर्णय होईपर्यंत करू नये. एएम ४ चा कूलर काढताना तो सरळ वर ओढला तर उष्णता वाहून नेणाऱ्या पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. कूलर आधी हलकेच डावीकडे-उजवीकडे फिरवून सुटा करावा.

या टप्प्यावर बायोसची जतन केलेली मांडणी पुसून पाहणेही योग्य ठरते. भिंतीतली पिन काढून बोर्डवरची सीआर २०३२ बॅटरी पाचेक मिनिटे बाहेर ठेवावी किंवा मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या सीमॉस (बायोसची मांडणी साठवणारी स्मृती) पुसण्याच्या दोन पिना काही सेकंद जोडाव्यात. रॅमचा वेग वाढवणारे एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू केल्यानंतर संगणक बंद पडला असेल तर हाच उपाय बहुधा पुरतो.

बायोस दिसतो, पण पुढे जात नाही

इथवर आलेल्याने निर्धास्त व्हावे, कारण कठीण भाग संपला आहे. कोऱ्या एसएसडीवर बूट करण्याजोगे काहीच नसते. ‘बूट होण्याजोगे उपकरण सापडले नाही’ अशा अर्थाचा संदेश आला तर तो बिघाड नव्हे. ऑपरेटिंग सिस्टिम अजून टाकायची आहे एवढेच त्यातून कळते. विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने दुसऱ्या संगणकावर पेन ड्राइव्ह तयार करावा. आयएसओ फाइल नुसती पेन ड्राइव्हवर टाकून चालत नाही.

बायोसमध्ये एसएसडी दिसतच नसेल तर ती स्लॉटमध्ये पूर्ण सरकली आहे आणि दुसऱ्या टोकाचा स्क्रू लागला आहे हे पाहावे. एम.२ आकाराच्या काही एसएसडी साटा या जुन्या पद्धतीच्या असतात आणि फक्त एनव्हीएमई ही नवी, वेगवान पद्धत चालवणाऱ्या स्लॉटमध्ये त्या ओळखल्या जात नाहीत. काही बोर्डांवर एम.२ स्लॉट वापरला की एखाद-दोन साटा पोर्ट बंद होतात, त्यामुळे जुनी हार्ड डिस्क अचानक नाहीशी झाल्यासारखी वाटते. ती दुसऱ्या पोर्टवर लावावी. बायोसमध्ये एसएसडी दिसते पण विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये दिसत नाही, असे इंटेलच्या बोर्डवर झाले तर बायोसमधील व्हीएमडी (एसएसडी हाताळण्याची इंटेलची सोय) हा पर्याय बंद करावा किंवा इन्स्टॉल करताना त्याचा ड्रायव्हर द्यावा. विंडोज ११ साठी यूईएफआय (नव्या पद्धतीचा बायोस) आणि टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) लागते, हे टीपीएम इंटेलच्या बायोसमध्ये पीटीटी आणि एएमडीच्या बायोसमध्ये एफटीपीएम या नावाने सापडते.

भाग सदोष ठरला तर

भाग दोषी आहे हे सिद्ध करण्याचा खात्रीचा मार्ग एकच: तोच भाग चालू असलेल्या दुसऱ्या संगणकात लावून पाहणे, किंवा चालू असलेला भाग आपल्या संगणकात आणणे. मित्राकडून रॅमची एक पट्टी किंवा एसएमपीएस तासाभरासाठी मिळाला तरी बराच उलगडा होतो. प्रोसेसर आणि बोर्ड यांच्यातला दोषी ठरवणे घरी अवघड असते, तिथे दुकानाची मदत घ्यावी.

दुकानात जाताना संपूर्ण कॅबिनेट उचलून नेण्यापेक्षा बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम एवढेच न्यावे. जड टॉवर कूलर काढून वेगळा न्यावा, कारण लोकलच्या गर्दीत एक धक्का बसला तरी त्याच्या वजनाने बोर्डवर ताण येतो. प्रोसेसर सॉकेटमध्येच राहू द्यावा. काढावाच लागला तर सॉकेटवरचे प्लास्टिकचे झाकण पुन्हा लावावे. ते नसेल तर अनेक ठिकाणी बोर्ड वॉरंटीसाठी स्वीकारत नाहीत. सॉकेटमधल्या पिनांची स्पष्ट छायाचित्रे निघण्यापूर्वीच काढून ठेवावीत. बिलावर सिरियल नंबर आहेत का ते पाहावे, तपासणी आपल्यासमोर करण्याचा आग्रह धरावा आणि कोणते लक्षण, कोणत्या भागाबरोबर, काय बदलल्यावर दिसले हे कागदावर लिहून न्यावे. असे टिपण हातात असलेल्या ग्राहकाला ‘ठेवून जा, बघतो’ असे सांगणे दुकानदारालाही कठीण जाते. प्रोसेसर खोक्याविना ‘ट्रे’ स्वरूपात घेतला असेल तर त्याची वॉरंटी सहसा कंपनीची नसून विक्रेत्याची असते, त्यामुळे ते बिल विशेष जपावे. रास्त दावा असूनही दाद मिळत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

संगणक पुठ्ठ्यावर सुरळीत चालू लागला की कॅबिनेटमध्ये परत बसवतानाही तोच संयम ठेवावा. आधी स्टँडऑफ मोजावेत, बोर्ड बसवून लगेच एकदा सुरू करून पाहावे, मग ग्राफिक्स कार्ड, मग एसएसडी आणि शेवटी पुढच्या वायरी असा क्रम ठेवावा. एक्सएमपी किंवा एक्स्पो ऑपरेटिंग सिस्टिम टाकून झाल्यावरच चालू करावे आणि त्यानंतर मेमटेस्ट ८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालू ठेवावा. सकाळी एकही चूक नोंदलेली नसेल तर कॅबिनेटची बाजूची झडप स्क्रूने बंद करायला हरकत नाही.